बदलीचा गडी

नाच म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी समजूत पुष्कळ शहाण्या घरांत अजून आहे. आमच्याही घरी ती होती. परंतु घरात नाचणारीच माणसे अधिक असल्यामुळे ती कोणी फार मोठ्याने बोलून दाखवीत नसे. गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनास माजी विद्यार्थी या नात्याने आम्ही पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो. लेझीम झाले, कोळीनृत्य झाले, आणि शेवटी आठवी-नववीच्या मुलांनी कोकणातील जाखडी करून दाखविली. पोशाख झगझगीत होते, गाणे यंत्रातून वाजत होते, आणि मुलांचे पाय मात्र खरोखरीच चांगले पडत होते. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आम्हीही टाळ्या वाजविल्या; तथापि तत्पूर्वी आमच्या हातून नकळत एक गोष्ट घडली. आम्ही रंगमंचावरील मुले मोजली. आठ भरली. ही मोजण्याची खोड आम्हांस १९८२ सालापासून जडली आहे. अंकासाठी काही लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा तीच हकीकत लिहावी असे आम्ही ठरविले.

ज्यांनी जाखडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसतात, आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरतात. आमच्या मंडळात हे गडी आठ असत. आरंभी गण, मग गौळण, आणि पुढे शक्तीवाले व तुरेवाले असे दोन पक्ष सवाल-जवाबाने एकमेकांस पेचात धरतात. जाखडी हा शब्द ‘जखडणे’ यावरून आला, असे आमच्या चाळीतील जाणते सांगत. खरेखोटे भाषापंडित जाणोत. परंतु फेरात उभे राहिलेल्याला ती व्युत्पत्ती पटते. एकाचे पाऊल चुकले की पुढच्याच्या टाचेस आणि मागच्याच्या नडगीस ते तत्काळ कळते. मुंबईत या नाचाला ‘बाल्या नाच’ म्हणत. बाल्या म्हणजे कोकणातून आलेला, कानात बाळी घालणारा, शेठसावकारांच्या घरी भांडी घासणारा गडी. नाव हेटाळणीचे होते. कोकणी माणसाने त्याबद्दल भांडण काढले नाही. त्याने ते नाव आपल्या मंडळाच्या फलकावर ऐटीत रंगवून घेतले.

आमचे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून लालबागेस आले आणि गिरणीत लागले. गावच्या मंडळाची एक खोली चाळीत होती. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. खोलीत सामान म्हणावे तर प्रत्येकाची एक पेटी, भिंतीवर गावदेवीची तसबीर, आणि खुंटीवर ढोलकी. पेट्यांना कुलपे असत, ढोलकी मात्र सर्वांची होती. गौरी-गणपतीत ज्यांना रजा मिळे ते गावी जात. ज्यांना मिळत नसे ते चाळीच्या चौकात फेर धरून गाव मुंबईस आणीत. पुढे परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे सामने होऊ लागले, तेव्हा आजोबा तेथेही जात. परंतु खुर्चीवर बसून जाखडी पाहणे त्यांना शेवटपर्यंत जमले नाही. ते मागे भिंतीपाशी उभे राहत आणि पायाने ताल धरीत.

नाच केवळ करमणुकीपुरता नसतो, हे आम्ही त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे हे मुंबईस येऊन गिरणीत राबलेले आणि तमाशाच्या फडात वावरलेले गृहस्थ. त्यांनी १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. तमाशाचा आरंभ गणपतीच्या स्तवनाने व्हावयाचा, हा शिरस्ता. अण्णाभाऊंनी त्या जागी कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन घातले. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्याच खेळाला लोकनाट्य हे नाव मिळाले आणि खेळ चालू राहिला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, १ मे १९६० रोजी राज्य होईपर्यंत, याच शाहिरांच्या डफाने गिरणगावातील मैदाने भरत. आजोबांना अमर शेखांचा आवाज ऐकल्याचा मोठा अभिमान होता. तो आवाज चौकात उठला की चौथ्या मजल्यावरील पाळण्यातले मूल जागे होई, असे ते सांगत. आणि आम्ही हसलो की रागावत.

गिरगावातही त्याच सुमारास असे काही घडत होते. २५ मे १९४३ रोजी तेथील मारवाडी विद्यालयाच्या सभागृहात ‘इप्टा’ या नाट्यसंघाची स्थापना झाली. ते बंगालच्या दुष्काळाचे वर्ष होते. पुढील वर्षी या संघाचे मध्यवर्ती पथक अंधेरीस राहू लागले, आणि शांती बर्धन यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या लोकनृत्यांतून पावले उचलून भुकेची व गुलामीची कथा सांगणारे नृत्यनाट्य बसविले. आजोबांनी त्यातले काही पाहिले नव्हते. त्यांचे मत इतकेच, की नाचाने पगार वाढत नाही, परंतु रात्री फेरात नाचलेली माणसे दुसऱ्या दिवशी फाटकावर एकत्र उभी राहतात. हे मत आम्हांस पुरे पटले होते. एका वर्षी ते कसाला लागले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. पगार व बोनस या मागण्या तर होत्याच. त्याखेरीज १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे एकाच संघटनेला मान्यता होती, तिच्याविरुद्धचा जुना रागही त्यात होता. प्रथम सर्वांस वाटले, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. आम्ही त्या वेळी आठव्या इयत्तेत होतो. आठवते ते असे, की पहाटेचा भोंगा बंद झाला आणि चाळीतील माणसे तरीही त्याच वेळेस जागी होत. वडील उठून गॅलरीत उभे राहत आणि परत येऊन पडत. होळी गेली, पावसाळा आला. आईची तांब्याची भांडी एकेक करून मारवाड्याच्या दुकानी गेली. पुष्कळ कुटुंबे गावी निघून गेली. तेथे निदान भाताची पेज मिळे. आमच्या मुख्याध्यापक फादरांनी संपवाल्यांच्या मुलांची फी थांबवून ठेविली आणि त्याचा वर्गात कधी उच्चारही केला नाही. हे या अंकात नमूद झाले पाहिजे.

आता बदली कामगार म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावयास हवे. गिरणीत कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता जो घेतला जाई, तो बदली. त्याने रोज फाटकावर येऊन उभे राहावयाचे; बोलावले तर काम, नाहीतर परत. असे कित्येकांचे दहा-दहा वर्षे चाले. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या वर्गमित्राचे वडील होते. आम्ही त्यांस आप्पा म्हणत असू. ते आठ वर्षांचे बदली होते. आणि जाखडीच्या फेरात मात्र त्यांची जागा कायमची होती. आमचे वडील ढोलकी वाजवीत, आणि त्यांची नजर बहुधा आप्पांच्या पायांवर असे. आप्पांचे पाऊल पाहून ढोलकीची लय धरावी लागते, असे ते स्वतः म्हणत.

जुलै महिन्यात आप्पा कामावर गेले. आता जो आत येईल त्यास कायम करू, असे त्यांना गिरणीतून सांगण्यात आले होते म्हणे. पोलिसांच्या बंदोबस्तात ते सकाळी जात आणि संध्याकाळी मान खाली घालून जिना चढत. चाळीने त्यांच्याशी बोलणे टाकले. नळावर त्यांच्या घरची कळशी रांगेतून मागे सरू लागली. ती कोण सारतो हे कोणी पाहत नसे आणि सर्वांस ठाऊक असे. आम्हांसही ताकीद मिळाली. शाळेत मात्र आमचा आणि त्यांच्या मुलाचा बाक एकच होता. आम्ही दोघे दिवसभर खांद्याला खांदा लावून बसत असू आणि एक अक्षर बोलत नसू. एकदा भूगोलाच्या तासाला गुरुजींनी विचारले, ‘काय रे, भांडलात काय?’ दोघांनीही एकदमच ‘नाही, सर’ म्हटले. ते खोटे नव्हते.

१८ ऑगस्टला मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले. नायगाव-वरळीकडे दगडफेक व जाळपोळ झाली, शहरात लष्कर आले, आणि गणपती अवघ्या काही दिवसांवर होते. यंदा नाच करावा की नाही, याचा विचार करावयास मंडळाच्या खोलीत बैठक झाली. वर्गणी जमली नव्हती. जरीचे पट्टे आणि फेटे भाड्याने आणणे शक्य नव्हते. तरी नाच झाला पाहिजे, यावर सर्वांचे एकमत होते. न झाला तर चाळ खचली असे दिसेल, असे शाहीर म्हणाले. मग कोणीतरी गडी मोजले. बाकीचे गावी गेलेले. उरले सात.

आठवे नाव कोणी घेईना. शेवटी वडील म्हणाले, “जो फाटकाच्या आत गेला तो फेराच्या आत येणार नाही.”

आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, “देवापुढच्या फेराला फाटक कुठून आलं?”

वडिलांनी उत्तर दिले नाही. त्यांची बाजू आम्ही आज समजू शकतो. अडीच लाखांनी एक पाऊल टाकावयाचे ठरविले असता एकाने दुसरे टाकले, तर मोडते ते सर्वांचेच. जाखडीत हे जितके खरे तितकेच संपात. दुसऱ्या बाजूस आठ वर्षे फाटकावर उभा राहिलेला माणूस होता. फाटकावरील त्या आठ वर्षांत त्याच्याबरोबर उभे राहावयास त्या बैठकीतील किती कायम कामगार गेले होते, हेही कोणीतरी विचारावयास हवे होते. आईखेरीज कोणी काही विचारले नाही, आणि आईला बैठकीत बसण्याचा अधिकार नव्हता.

तेवढ्यात शाहिरांची दृष्टी आमच्यावर पडली. आम्ही सर्व चाली पाहून पाहून पाठ केल्या होत्या आणि गच्चीवर एकट्यानेच नाचत असू, हे त्यांना ठाऊक होते. अशा रीतीने तेराव्या वर्षी आम्ही फेरात आलो. खरे सांगावयाचे तर आम्हांस आनंद झाला. इतका आनंद झाला, की ती जागा कोणाची हे त्या रात्री मनातही आले नाही.

दोन दिवसांनी शाळेत बाकाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी आढळली. उचलली तो आत घुंगरे वाजली. शेजारी न पाहताच आमचा मित्र म्हणाला, “आप्पांनी दिलेत. तुझ्याकडे नसतील म्हणून.” आमच्याकडे चाळ नव्हतेच, आणि नवे घेण्याची ऐपतही नव्हती. घरी आणून दाखविले, तेव्हा वडील बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “बांध.” तेवढेच.

नाच झाला. सर्वांच्या अंगात साध्या पांढऱ्या बंड्या होत्या, कमरेस घरचे उपरणे. चौकात गॅसबत्ती, चारही बाजूंच्या गॅलऱ्यांत आणि जिन्यांवर माणसे. गणानंतर शाहिरांनी गौळण घेतली. गौळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवितो, हे आपण सर्व जाणतो. शाहिरांचा कृष्ण त्या वर्षी गिरणीच्या फाटकावर उभा राहिला, आणि दहीदुधाचा हिशेब मागता मागता पगाराचा व बोनसाचा हिशेब मागू लागला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सात महिन्यांत चाळीत इतके हसू आम्ही ऐकले नव्हते. मग फेराला वेग आला आणि आठ जोड्यांचे चाळ एकदम वाजू लागले. ज्याने तो आवाज फेराच्या आतून ऐकला नाही, त्यास तो सांगून समजावयाचा नाही. आपले पाय आपल्या मालकीचे राहत नाहीत. भीती वाटत नाही. भूकही काही वेळ राहत नाही. वर पाहिले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरील एक दार तेवढे बंद दिसले.

पुढे मोठेपणी आम्ही इतर देशांतील अशा नाचांविषयी वाचू लागलो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत काळ्या मजुरांस आपसांत बोलण्याची मनाई असे. त्यांनी पायांतील रबरी बुटांवर थापा मारून आणि टाचा आपटून एकमेकांशी बोलणे चालविले, आणि त्यातून एक नाच उभा राहिला. तो वाचताना आम्हांस आपली माणसे भेटल्यासारखे वाटले. परंतु चिली देशाची हकीकत वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. तेथे कुएका नावाचा जोडीने करावयाचा नाच आहे. पुरुष आणि स्त्री हातरुमाल उडवीत एकमेकांभोवती फिरतात. १९७३ साली लष्कराने सत्ता बळकाविली आणि असंख्य माणसे धरून नेली. त्यांपैकी कित्येक पुन्हा दिसली नाहीत. ८ मार्च १९७८ रोजी सांतियागो शहरातील एका नाट्यगृहात या बेपत्ता माणसांच्या आप्त स्त्रिया रंगमंचावर आल्या आणि त्यांनी तोच जोडीचा नाच एकटीने केला. जोडीदाराची जागा त्यांनी मोकळी ठेविली. घोषणा नाही, भाषण नाही. समोर कोणी नाही, आणि बाई त्याच्याभोवती फिरते आहे. पाहणाऱ्यांना जे समजावयाचे ते समजले.

त्या स्त्रियांनी जागा मोकळी ठेविली आणि आम्ही भरली. दोन्ही प्रसंग एका मापाने मोजता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. आप्पांस कोणी धरून नेले नव्हते. ते आपल्या पायांनी गेले होते. तरीही सात गड्यांचा फेर त्या रात्री चौकात नाचला असता, तर तिसऱ्या मजल्यावर त्याचा अर्थ काय पोचला असता, असा प्रश्न आम्ही स्वतःस पुष्कळदा विचारला आहे. कदाचित तो अधिक कठोर झाला असता. कदाचित ती मोकळी जागा म्हणजे बोलावणे ठरले असते. तेराव्या वर्षी हे सुचत नाही, आणि ज्यांना सुचावे ते उपाशी होते.

संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तो झिजत गेला. आमच्या वडिलांस गिरणीत पुन्हा घेतले नाही. ते एका इमारतीवर पहारेकरी झाले. आप्पा कायम झाले. परंतु थोड्याच वर्षांत ती गिरणीच बंद पडली, आणि कायम व बदली सारखेच घरी बसले. १९९१ सालच्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकावयास वाट मोकळी झाली. आज लालबाग-परळच्या बाजूस जे उंच मनोरे उभे आहेत, त्यांतील कित्येकांच्या पायाखाली आमच्या आजोबांचे खाते असेल. वडील आणि आप्पा यांचे बोलणे पुढे सुरू झाले, परंतु ते पाण्यापुरते आणि वीजबिलापुरते. एका फेरात ते पुन्हा दिसले नाहीत. वडिलांची ढोलकी आम्ही ठेविली आहे. तिची शाई उडाली आहे.

चाळ परत केल्याची गोष्ट सांगावयाची राहिली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी पाहू नये म्हणून, आम्ही ते वर्तमानपत्रातच गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर गेलो. आप्पा डबा घेऊन निघण्याच्या बेतात होते. पुडी हातात घेऊन त्यांनी ती नुसती जोखली, उघडली नाही. आभार कसे मानावेत हे आम्हांस कळेना. तेच हळू आवाजात म्हणाले, “गौळणीच्या पुढची चाल. तिथं तुझा डावा पाय मागं पडत होता.”

आम्ही म्हणालो, “आप्पा, तुम्ही तर खाली नव्हता.”

“माझे घुंगुर मला कळत नाहीत होय?” असे म्हणून त्यांनी डबा कठड्यावर ठेविला, इकडेतिकडे पाहिले, आणि त्या अंधाऱ्या गॅलरीत, अनवाणी, आवाज न करता, ती चाल आम्हांस दोनदा करून दाखविली. मग वहाणा घातल्या, डबा उचलला आणि जिना उतरून गेले.